टर्टुलियनाचा 'मुगूट' आणि शिपायाची भाकर

ख्रिस्ती मनुष्याने सैन्यात जावे की नाही, हा प्रश्न अध्ययनवर्गात निघाला म्हणजे टर्टुलियनाचे नाव हटकून येते. पेत्राची तरवार म्यानात घालावयास लावून प्रभूने यापुढील प्रत्येक शिपायास निःशस्त्र केले, या आशयाचे त्याचे वचन कोणीतरी सांगतो आणि विषय संपला असे समजून सारे पुढच्या पाठाकडे वळतात. मौजेची गोष्ट ही की, हे वचन ज्या ग्रंथातील म्हणून सांगितले जाते त्या 'दे कोरोना'त ते नाहीच. ते त्याच्या मूर्तिपूजेवरील ग्रंथात आहे. 'दे कोरोना' हा पंधरा लहान प्रकरणांचा ग्रंथ फार थोड्यांनी सलग वाचलेला असतो. तो वाचला पाहिजे असे माझे मत आहे. मात्र ज्या कारणासाठी त्याचे नाव घेतले जाते त्याच कारणासाठी नव्हे.

ग्रंथाच्या नावापासूनच मराठी वाचकाची अडचण सुरू होते. 'कोरोना' म्हणजे येथे राजाचा सुवर्णमुगूट नव्हे, तर लॉरेलच्या पानांचा वेढा. आपल्या ग्रंथालयांतून जी जुनी इंग्रजी 'अँटे-नायसीन फादर्स' मालिका आढळते, तिच्या तिसऱ्या खंडात याचे भाषांतर 'चॅप्लेट' या नावाने आहे. आमच्या गोव्याकडील वाचकांस 'चॅप्लेट' म्हटले की जपमाळच आठवावयाची. 'मुगूट' हा शब्द मी केवळ रुळलेला म्हणून वापरतो. अर्थाच्या जवळ जाणारा मराठी शब्द शोधू गेल्यास 'मुंडावळ' आठवते, आणि ती अगदीच अस्थानी नाही, कारण टर्टुलियन पुढे विवाहातील वधूवरांच्या मुगुटाचाही समाचार घेतो. ख्रिस्ती विवाहात मुंडावळ्या बांधाव्यात की नाहीत, हा वाद ज्या पाळकाने एकदा तरी मिटविला आहे त्यास ग्रंथातील निम्मी प्रकरणे ओळखीची वाटतील.

प्रसंग असा. इ. स. २११ च्या सुमारास (बहुतेक अभ्यासक हे वर्ष धरतात) सेप्तिमियस सेव्हेरसच्या मृत्यूनंतर काराकल्ला व गेटा हे बंधू गादीवर आले. नवे सम्राट शिपायांस रोख बक्षीस वाटीत. त्यास दोनातिवुम म्हणत. एका छावणीत हे वाटप चालू असता शिपाई डोक्यावर पानांचे मुगूट घालून रांगेने पुढे येत होते. त्यांतील एकटा बोडक्या डोक्याने, मुगूट हातात धरून आला. लोकांनी बोटे दाखविली, दुरून टवाळी केली, जवळून दात खाल्ले. ट्रिब्यूनने विचारले तेव्हा आपण ख्रिस्ती असल्याने इतरांप्रमाणे करू शकत नाही, असे तो म्हणाला. प्रकरण वर गेले. त्याने जड झगा उतरविला, पायांतील लष्करी पादत्राण सोडले, तरवार परत केली, हातातला मुगूटही टाकला. आता तो तुरुंगात आहे आणि सम्राटांच्या बक्षिसाऐवजी ख्रिस्ताच्या बक्षिसाची वाट पाहत आहे.

हे पहिले प्रकरण लॅटिन ख्रिस्ती गद्यातील उत्तम पानांपैकी एक आहे, हे कबूल केलेच पाहिजे. एकेक वस्तू अंगावरून उतरत जाते आणि प्रत्येक वस्तूच्या जागी दुसरी, न दिसणारी वस्तू चढत जाते. वर्णन पाल्हाळिक नाही. मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो.

आणि मग तो नाहीसा होतो. माझ्या मते ग्रंथाचा मुख्य दोष हाच आहे. उरलेल्या चौदा प्रकरणांत टर्टुलियन पवित्र शास्त्रात मुगुटाविषयी आज्ञा नसताना रूढी पुरेशी का मानावी हे सांगतो. फुले हुंगण्यासाठी व पाहण्यासाठी निर्माण झाली, डोक्यावर घालण्यासाठी नव्हेत, असा निसर्गनियम काढतो. कोणत्या दैवताने प्रथम कोणत्या पानांचा मुगूट घातला याची यादी देतो. तिसऱ्या व चौथ्या प्रकरणांतील रूढींची माहिती आपल्या दृष्टीने मोलाची आहे: बाप्तिस्म्यात तीनदा बुडविणे, त्यानंतर दूध व मध देणे, प्रभूच्या दिवशी गुडघे न टेकणे, कपाळावर वधस्तंभाची खूण करणे. उपासनेचा इतिहास शिकविणाऱ्याने ही दोन प्रकरणे अवश्य समोर ठेवावीत. परंतु ज्याच्यासाठी हा सारा प्रपंच तो शिपाई कोण, कोठला, सैन्यात कधी भरती झाला, बाप्तिस्मा आधीचा की नंतरचा, घरी कोण होते, यांतील एकही गोष्ट ग्रंथकार सांगत नाही. छावणीचे नाव नाही. मनुष्याचेही नाव नाही. वाटपाच्या रांगेत त्याने काय सोडले, याचा तर विचारच नाही.

काय सोडले? ते इतिहासावरून बरेचसे सांगता येते. ऑगस्टसाने इ. स. ६ मध्ये निवृत्त शिपायांसाठी स्वतंत्र खजिना स्थापन केला, त्यात स्वतःचे सतरा कोटी सेस्तेर्स घातले आणि पुढील खर्चासाठी वारसांवर शेकडा पाच व लिलावातील विक्रीवर शेकडा एक कर बसविला. वारसाकराविरुद्ध श्रीमंतांनी किती ओरड केली हे रोमन इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. लिजनमधील शिपायास सेवा पुरी झाल्यावर बारा हजार सेस्तेर्स मिळावेत, असा त्या वेळचा नियम होता. साहाय्यक पलटणींतील शिपायास पंचवीस वर्षांनंतर रोमन नागरिकत्व मिळे आणि ते कोरलेला ब्राँझचा पत्रा तो घरी घेऊन जाई. असे शेकडो पत्रे आजही सापडतात. मात्र बेअब्रूने काढलेल्या शिपायास यांपैकी काहीच मिळत नसे. म्हणजे ज्या दिवशी आपल्या ह्या बंधूने मुगूट डोक्यावर घातला नाही, त्या दिवशी त्याने एका वेळचे बक्षीस तर नाकारलेच. पण जिवंत सुटता तरी सेवेच्या सर्व वर्षांची कमाई त्याच्या हातून गेली असती. टर्टुलियन हे जाणत नव्हता असे नव्हे. जेरोम तर सांगतो की, त्याचा पिता शताधिपती होता. अलीकडच्या काही अभ्यासकांस ही माहिती विश्वसनीय वाटत नाही; पण कार्थेजसारख्या नगरात राहणाऱ्या व कायद्याची भाषा सफाईने वापरणाऱ्या लेखकास निवृत्त शिपायाचा पैसा म्हणजे काय हे ठाऊक नसणे शक्य नाही. त्याने तो विषय हलका म्हणून सोडला. दोन बक्षिसांची तुलना वक्तृत्वास पुरेशी होती.

पवित्र शास्त्र तो विषय हलका मानीत नाही. यार्देनेच्या काठी शिपायांनी योहानास आम्ही काय करावे असे विचारले, तेव्हा त्याने दिलेल्या उत्तरात (लूक ३:१४) दोन निषेध आहेत, जुलमाचा व खोट्या आरोपाचा, आणि तिसरी गोष्ट वेतनाची आहे. पश्चात्तापाचा उपदेश करणाऱ्या त्या अरण्यातील मनुष्यास शिपायाच्या पगाराविषयी बोलणे कमीपणाचे वाटले नाही. पौलाने तर सुवार्तिकाच्या निर्वाहाचा हक्क सिद्ध करताना पहिले उदाहरण शिपायाचेच घेतले (१ करिंथ ९:७). टर्टुलियन योहानाजवळ आलेल्या शिपायांचा उल्लेख अकराव्या प्रकरणात करतो, पण तो एका वाक्यापुरता, आणि योहानाने त्यांस काय सांगितले याकडे तो वळत नाही.

तरीही अकरावे प्रकरण हाच ग्रंथाचा गाभा आहे. मुगुटाचा वाद बाजूस ठेवून येथे तो मूळ प्रश्नाला हात घालतो: ख्रिस्ती मनुष्यास लष्करी सेवा मुळात योग्य आहे काय? येथील युक्तिवाद सैनिकी शपथेवर उभा आहे. लॅटिनमध्ये सैनिकाच्या शपथेस जो शब्द, तोच पुढे मंडळीने आपल्या पवित्र विधींस लावला: साक्रामेंतुम. एका धन्याशी बाप्तिस्म्यात बांधलेला मनुष्य दुसऱ्या धन्याशी तशाच शपथेने कसा बांधला जाईल, ही त्याची विचारणा मराठीत आणताना लंगडी होते, कारण आपल्याकडे 'शपथ' व 'संस्कार' हे शब्द एकमेकांपासून फार दूर आहेत. शिकविणाऱ्याने हा शब्द उलगडून सांगितल्याशिवाय प्रकरणाचा जोर कळणार नाही. रक्तपाताचा आक्षेप येथे आहे, परंतु तो एकटा नाही. ज्या देवळांचा आपण त्याग केला त्यांच्यावर पहारा देणे, प्रभूच्या दिवशीही चौकीवर असणे, ध्वजाची पूजा, मृत शिपायास तुतारीने निरोप देणे, हे सर्व त्यास खटकते. त्याचा झगडा युद्धापेक्षा छावणीच्या धर्माशी अधिक आहे, असे माझे वाचन आहे. जे शिपाई असताना ख्रिस्ती झाले त्यांस तो सवलत देतो, पण कडक: त्यांनी लगेच सेवा सोडावी, नाही तर प्रत्येक पाप टाळण्याची पराकाष्ठा करावी, आणि शेवटी जे भोगावे लागेल ते भोगावे.

सेवा सोडावी, हे तो किती सहज लिहितो! आपल्या लोकांस हे वाक्य वाचताना थांबावे लागते. इंदूरजवळील महू येथे १८९१ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला तो लष्करी छावणीत. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते व लष्करी शाळेत शिकवीत. गावाने ज्यास वेशीबाहेर ठेविले त्या कुळास अक्षरओळख, पद आणि म्हातारपणचे निवृत्तिवेतन ही प्रथम पलटणीनेच दिली. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली तेव्हा सेनेतून निवृत्त झालेल्या गोपाळ बाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला तो याचसाठी. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावात. ज्या समाजांतून आपल्या अनेक मंडळ्या आल्या, त्यांत तांबड्या डगल्याचा अर्थ केवळ तरवार असा कधीच नव्हता. टर्टुलियनाच्या सडेतोडपणास हे माहीत नाही, कारण त्याच्या शिपायास घरच नाही.

याच्या उलट एक उदाहरण आफ्रिकेतच, सुमारे चौऱ्यांशी वर्षांनंतरचे आहे. इ. स. २९५ च्या मार्चमध्ये थेवेस्ते येथे माक्सिमिलियन नावाच्या तरुणास भरतीसाठी उभे केले. त्याच्या चौकशीचा वृत्तांत उपलब्ध आहे आणि तो दोन-तीन पृष्ठांचाच आहे. पण त्यात त्याचे नाव आहे, वय एकवीस वर्षे काही महिने दिवसांसह आहे, पिता फाबियस व्हिक्टर याचे नाव आहे. उंची मोजल्याचे आहे. सम्राटांच्या अंगरक्षकांत ख्रिस्ती शिपाई आहेत, ते सेवा करतातच ना, असे प्रोकॉन्सल त्यास विचारतो. त्यावर त्यांस काय योग्य ते ते जाणतात, मी ख्रिस्ती आहे, एवढ्याच अर्थाचे उत्तर तो देतो. इतर बंधूंचा न्याय तो करीत नाही. मरणापूर्वी तो बापास सांगतो की, सैन्यासाठी माझ्याकरिता केलेले नवे कपडे त्या मारेकऱ्यास देऊन टाका. टर्टुलियनाने पंधरा प्रकरणांत जे साधले नाही ते ह्या कपड्यांच्या एका उल्लेखात आहे. बापाने मुलासाठी कपडे शिवून घेतले होते.

देशरक्षणाच्या प्रश्नाचे काय? 'दे कोरोना'त तो प्रश्नच नाही. इ. स. १९७ मधील आपल्या 'आपोलोगेतिकुम' ग्रंथात हाच लेखक ख्रिस्ती लोक छावण्यांतही भरले आहेत, तुमच्याबरोबर लढतात, असे रोमन अधिकाऱ्यांस अभिमानाने सांगत होता आणि आम्ही सम्राटासाठी, शूर सैन्यांसाठी प्रार्थना करतो, असेही म्हणत होता. चौदा वर्षांनी त्याच शिपायांनी पट्टा सोडावा असे तो म्हणतो. मत बदलण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. आत्म्याच्या नव्या भविष्यवादाकडे त्याचा कल या काळात वाढला होता, हेही खरे. पण मत बदलल्याची कबुली त्याने दिलेली नाही, आणि शूर सैन्यांसाठीची प्रार्थना परत घेतलेली नाही. सर्वांनी ख्रिस्ती लोकांसारखे केले तर सीमा कोण राखील, हा केल्सस या विरोधकाचा सरळ प्रश्न होता. ओरिगेनाने पुढे इ. स. २४८ च्या सुमारास त्याचे उत्तर दिले: याजक जसे शस्त्र न धरता विधीने राष्ट्राची सेवा करतात तद्वत ख्रिस्ती लोक प्रार्थनेने सम्राटाच्या बाजूने लढतात. हे उत्तर सर्वांस पटेल असे नाही, मलाही पूर्ण पटत नाही. पण त्याने प्रश्न ऐकून घेतला होता. आणि इ. स. ३१४ मध्ये आर्लच्या परिषदेने तर शांततेच्या काळी शस्त्र टाकणाऱ्यांस सहभागितेपासून दूर ठेवावे असा नियम केला. त्यातील 'शांतता' म्हणजे कोणती, यावर अजून वाद आहे. एका शतकात मंडळी एका टोकापासून दुसऱ्या टोकाजवळ आली, आणि दोन्ही वेळी नियम करणारे शिपाई नव्हते.

आता पाळकांविषयी. पहिल्याच प्रकरणात टर्टुलियन आपल्यासारख्यांची जी थट्टा करतो ती वाचून राग यावा अशी आहे. एकाने मुगूट नाकारला तर सर्वांवर संकट येईल, असे कुरकुरणारे ख्रिस्ती बंधू आणि त्यांचे मेंढपाळ त्याने धारेवर धरले आहेत: निवांत काळी गर्जना करणारे, धोका दिसताच धूम ठोकणारे, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी पळण्याची परवानगी देणारे वचन तेवढे पाठ असलेले. टीका जिव्हारी लागते, कारण ती सर्वस्वी खोटी नाही. पण त्या पाळकांनी नेमके काय करावयास हवे होते, हे तो सांगत नाही. तुरुंगात कोणी भेटावयास गेले काय? घरी कोणी निरोप नेला काय? त्याचे वेतन थांबल्यावर कोणी भाकर दिली काय? ह्या तीन प्रश्नांवर पाळकाची परीक्षा होते. टर्टुलियन त्यांस फक्त शौर्याच्या परीक्षेत बसवितो.

हा प्रश्न जुना राहिलेला नाही. आपल्याच सैन्यातील एका ख्रिस्ती अधिकाऱ्यास २०२१ मध्ये बडतर्फ करण्यात आले, निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटी यांवाचून. तो आपल्या जवानांबरोबर रेजिमेंटच्या मंदिर-गुरुद्वाऱ्याच्या आवारापर्यंत जात असे. सर्वांत आतल्या गाभाऱ्यात शिरण्यास त्याने नकार दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बडतर्फी कायम केली. हा प्रश्न धर्मस्वातंत्र्याचा नसून वरिष्ठाच्या कायदेशीर आज्ञेचा आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. त्या सुनावणीत, आत जाण्याने विश्वासास बाध येत नाही असा एका पाळकाने त्यास दिलेल्या सल्ल्याचा उल्लेख झाला. निकालाची चिकित्सा करणे हे माझे काम नाही. सैन्यात एकाच्या नकाराने शंभरांचा विश्वास डळमळतो, हा युक्तिवाद पोकळ नाही, आणि आवारात उभे राहून आपल्या जवानांस सोबत करणारा मनुष्य त्यांचा तिरस्कार करीत होता असेही म्हणवत नाही. पाळकाच्या बैठकीत उच्चारलेला शब्द देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे जातो, ही गोष्ट मात्र आपण सर्वांनी एकदा शांतपणे ध्यानी घ्यावी. तो सल्ला चूक होता असेही मी म्हणत नाही. त्याच्या मागे शास्त्राधार आहे: अरामाचा सेनापती नामान आपला धनी रिम्मोनाच्या मंदिरात हातावर टेकून वाकेल तेव्हा मलाही वाकावे लागेल, याची क्षमा असावी, असे अलीशास सांगतो (२ राजे ५:१८), आणि संदेष्टा त्यास शांतीने जावयास सांगतो. पण ध्यानात घ्यावे की, नामानाने स्वतः विचारले होते. अलीशाने त्यास आज्ञा केली नव्हती. ज्याचे मन वाकावयास तयार नाही त्यास नामानाचे वचन दाखवून वाकविता येत नाही. आणि जो वाकतो त्यास टर्टुलियन वाचून दाखवून भ्याड ठरविता येत नाही. त्या छावणीच्या रांगेत मुगूट घालून उभे राहिलेले इतर ख्रिस्ती शिपाईही कोणाच्या तरी मंडळीतले होते.

पाळकाने शिपायाबरोबर कसे बोलावे याचा नमुना हवा असेल तर ऑगस्टिनाकडे जावे. पत्नीच्या मृत्यूनंतर सेनापती बोनिफेस सैन्य सोडून मठवासी होण्याच्या विचारात होता. ऑगस्टिन व अलिपियस त्यास तुबुने येथे एकांतात भेटले आणि त्यांनी त्यास सेवेत राहण्याचा सल्ला दिला. पुढे तो मनुष्य सल्ल्यास जागला नाही, म्हणून ऑगस्टिनाने त्यास लांबलचक कठोर पत्रही लिहिले. सल्ल्याशी आपण सहमत असू वा नसू. ते तेथे गेले, बसले, आणि पुढेही त्यांनी त्यास सोडले नाही.

'दे कोरोना' शिकवावयाचा तर माझी सूचना अशी की, पहिले व अकरावे प्रकरण पूर्ण वाचावे, तिसरे-चौथे उपासनेच्या तासाला ठेवावे, पाचव्यापासून दहाव्यापर्यंतची प्रकरणे सारांशाने सांगावीत, आणि लागलीच माक्सिमिलियनाचा वृत्तांत व नामानाची कथा वाचावी. शेवटल्या प्रकरणातील मिथ्रभक्त शिपायांचा उल्लेख चुकवू नये. परधर्मीयांच्या निष्ठेपुढे टर्टुलियन तेथे आपल्या लोकांस लाजवितो, आणि त्याच्या लेखणीतून असे क्वचितच येते. त्यानंतर एक तास निवृत्तिवेतनासाठी राखावा, हे ऐकून काहींस हसू येईल. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. त्या भागातील कोणत्याही मंडळीत सुभेदार-हवालदारांच्या विधवा धर्मशिक्षकाकडेच कागद घेऊन येतात. शिपायाच्या निवृत्तिवेतनास पंधरा वर्षांची सेवा लागते, 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' ही योजना नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने १ जुलै २०१४ पासून लागू झाली, आणि २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी घरी परतणाऱ्या अग्निवीरास एकरकमी निधी मिळतो पण निवृत्तिवेतन नाही, एवढे तरी त्याला माहीत असावे. पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवान पुढे कायम होणार. बाकीचे पंचविशीच्या आसपास पुन्हा आपल्याच बाकांवर येऊन बसतील. त्यांच्यापुढे टर्टुलियनाचे पहिले प्रकरण वाचावयाचे आहे, हे लक्षात ठेवून वर्गाची तयारी करावी.